मोहोर आहे, पण पाहतो कोण?

गेल्या दिवाळीत पुण्याला धाकट्या भावाकडे उतरलो होतो. रात्री साडेदहाचा सुमार. फराळाच्या बशा उचलल्या गेल्या होत्या आणि पुतणी जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून बसली होती. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि त्या धंद्याला सणवार माहीत नसतात. मध्येच तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. घराच्या आणि स्कूटरच्या किल्ल्यांबरोबर त्यात बोटाच्या पेराएवढी एक काळी, चपटी पट्टी होती. ती लॅपटॉपच्या कडेला खोचली, काही आकडे दाबले आणि पट्टीवरच्या सोनेरी ठिपक्याला हलकेच बोट लावले. पडद्यावर एक ओळ सरकली, आणि जुडगा पुन्हा पर्समध्ये गेला.

“काय केलंस गं?”

“सही केली, काका. आता माल बाहेर जायला मोकळा.”

माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे अशा वेळी लाख येते. विमा उतरवलेले पार्सल पोस्टात द्यायचे म्हणजे ते कापडात शिवायचे, शिवणीवर ठरावीक अंतराने लाखेचे ठिपके टाकायचे आणि प्रत्येक ठिपक्यावर मोहोर उमटवायची. खिडकीतला कारकून पार्सल फिरवून फिरवून पाहायचा आणि दोन ठिपक्यांत अंतर जास्त दिसले तर सरळ परत करायचा. पलीकडे घेणाराही मोहोर शाबूत आहे ना, हे पाहिल्याशिवाय पावतीवर सही करत नसे. त्या सगळ्या खटाटोपात लाखेचे मोल दोन पैशांचे होते. खरे मोल होते ते या दोन्ही टोकांच्या पाहणीला.

पुतणीच्या काळ्या पट्टीची गोष्ट वाचकांपुढे मांडावीशी वाटते ती याचसाठी. बँकेचे ॲप, रेल्वेचे तिकीट, वीजबिलाचा भरणा, इस्पितळातले केसपेपर हे सगळे ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यातले पुष्कळसे आता अशा मोहोरबंद पेट्यांतून ये-जा करते किंवा तसे करायला हवे. पेटी कोणी भरली, वाटेत ती कोणी उघडली का, याची खातरजमा कशी होते, हा प्रश्न आता केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही.

पेटी आणि तिचा ठसा

या पेटीला कंटेनर म्हणतात आणि हे नाव खरोखरच बंदरातून आले आहे. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. त्याआधी गोणी, पिंप, खोकी असा प्रत्येक नग हमाल वेगळा चढवत. पेटी आली आणि आत काय आहे याच्याशी क्रेनला, ट्रकला, जहाजाला कर्तव्य उरले नाही. उरणच्या रस्त्याने न्हावा-शेव्याकडे गेलेल्या प्रत्येकाने त्या पेट्यांच्या रांगा आणि दारांवरची क्रमांकाची सीले पाहिली असतील.

सॉफ्टवेअरवाल्यांचे दुखणे अगदी असेच होते. “माझ्याकडे तर चालतंय” हे प्रोग्रामरचे सुप्रसिद्ध उत्तर. त्याच्या मशीनवर चालणारे दुसऱ्याच्या मशीनवर चालेल याची शाश्वती नसे, कारण आजूबाजूच्या शेकडो लहानसहान गोष्टी वेगळ्या असत. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतल्या एका परिषदेत पाचएक मिनिटांच्या भाषणात ‘डॉकर’ दाखवले. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एकाच पेटीत भरायचे, म्हणजे ती कुठेही नेऊन उघडली तरी तशीच चालते. या भरलेल्या पेटीला ‘इमेज’ म्हणतात. डॉकरच्या चिन्हातला देवमासा पाठीवर पेट्या वाहतो, ते यामुळेच.

सोय मोठी झाली, तशी मेखही मोठी. पेटीतला सगळा माल भरणाऱ्याने स्वतः तयार केलेला नसतो. पायाचे सामान सार्वजनिक गोदामातून उचललेले असते, आणि त्याच्याही आत जगभरच्या अनोळखी स्वयंसेवकांनी लिहिलेले शेकडो तुकडे असतात. २०१८ मध्ये डॉकरच्या सार्वजनिक गोदामात एकाच खात्याने ठेवलेल्या १७ इमेज दूषित निघाल्या. त्या उतरवून घेणाऱ्याच्या मशीनवर गुपचूप आभासी चलन तयार करत आणि ते तिसऱ्याच्याच खिशात टाकत. काढून टाकेपर्यंत त्या ५० लाखांहून अधिक वेळा उतरवल्या गेल्या होत्या. वेष्टनावर नाव ओळखीचे दिसले की आपण किराणा उचलतो, तसेच हे झाले.

वास्तविक वेष्टनावरच्या नावावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक इमेजमधून गणिताने ६४ अक्षरांचा एक ठसा काढता येतो. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. ‘ताजी आवृत्ती’ अशी चिठ्ठी आज या पेटीवर आणि उद्या त्या पेटीवर डकवता येते. ठशाचे तसे होत नाही. म्हणून सही करायची ती ठशावर, चिठ्ठीवर नव्हे.

मराठीत आपण ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द एका दमात म्हणून टाकतो, पण शिवकालीन पत्रे पाहिली तर या दोन वेगळ्या मोहोरा आहेत. पत्राच्या माथ्यावर शिक्का, म्हणजे हे कोणाचे आहे ते. आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे येथे मर्यादा झाली, यापुढे कोणी घुसडलेले असेल तर ते आमचे नव्हे. आधुनिक सहीची दोन्ही कामे हीच. ठसा हे मोर्तब, आणि त्यावरची सही हा शिक्का.

या सहीचे गणित व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये सुचवले आणि पुढल्याच वर्षी एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या त्रिकुटाने ते प्रत्यक्षात उतरवले. दोन किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, तिने सही करायची. दुसरी उघडी, ती जगाला वाटून टाकायची. उघड्या किल्लीने सही खरी की खोटी हे कोणालाही पडताळता येते, पण तिने नवी सही मात्र करता येत नाही.

न दिसणारी चोरी

इतके झाल्यावर सगळी मदार गुप्त किल्लीवर येऊन ठेपते. ही किल्ली म्हणजे अखेर काही अक्षरांची एक फाईल. कपाटातले दागिने गेले तर डबा रिकामा दिसतो. ही फाईल चोरीला गेली तरी जागच्या जागीच असते, कारण चोराने नक्कल नेलेली असते.

जून २०१० मध्ये बेलारूसमधल्या एका छोट्या अँटिव्हायरस कंपनीला जो किडा सापडला, तो पुढे ‘स्टक्सनेट’ या नावाने गाजला. इराणच्या नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे बिघडवण्यासाठी तो रचलेला होता. विंडोजने त्याला आत घेतले, कारण त्याच्या काही भागांवर रीअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या अस्सल सह्या होत्या. कंपन्यांनी त्या केल्या नव्हत्या. किल्ल्या चोरीच्या होत्या.

पुतणीच्या काळ्या पट्टीचा उपयोग नेमका येथे आहे. गुप्त किल्ली तिच्या आतच जन्माला येते आणि बाहेर काढण्याची सोयच ठेवलेली नसते. लॅपटॉपने ठसा आत द्यायचा, पट्टीने सही बाहेर द्यायची. पिन काही वेळा चुकला की ती बंद पडते. शिवाय जिवंत बोट लागल्याखेरीज सही होत नाही, म्हणजे दूर देशात बसलेल्या चोराला लॅपटॉप ताब्यात घेऊनही भागत नाही. विंडोजसारख्या प्रणालींवर ज्यांच्या सह्या मानल्या जातात, त्या सॉफ्टवेअर कंपन्यांना जून २०२३ पासून गुप्त किल्ली अशा हार्डवेअरमध्येच ठेवणे बंधनकारक झाले आहे.

हीच पट्टी पासवर्डच्या जागीही चालते आणि तेथे तिचा एक गुण फार मोलाचा ठरतो. ती माणसापेक्षा नीट वाचते. सप्टेंबर २०२५ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगातले काही अतिशय लोकप्रिय तुकडे सांभाळणाऱ्या एका गृहस्थाला हुबेहूब ईमेल आले. खाते बंद पडेल, सबब माहिती अद्ययावत करा. त्याने दुव्यावर जाऊन पासवर्ड दिला, सहा आकडी कोडही दिला, आणि आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरवल्या जाणाऱ्या १८ तुकड्यांत परका मजकूर शिरला. काही तासांत तो पकडला गेला, हे नशीब. हार्डवेअरची किल्ली असती तर तिने संकेतस्थळाचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहिले असते आणि नकली दारात तोंड उघडले नसते. माणूस दमलेला असतो, प्रवासात असतो. पट्टीला कंटाळा येत नाही.

न वाचता दिलेला अंगठा

हे ऐकून मी पुतणीला म्हटले, मग तुमचे काम फत्ते. तिने नकारार्थी मान हलवली. “पट्टीला पडदा नाही, काका. तिच्यापुढे काय ठेवलंय ते तिला कळत नाही, आणि रात्री साडेदहाला मलाही फारसं कळत नाही.”

सावकाराच्या ओटीवर बसून न वाचता अंगठा देणारा शेतकरी आपल्या कथा-कादंबऱ्यांत पुष्कळ भेटला आहे. अंगठा त्याचाच असतो, कोर्टात टिकतोही. घोटाळा वरच्या मजकुरात असतो. सोलरविंड्स प्रकरणात हेच घडले. अमेरिकेतल्या टेक्सासची ही कंपनी मोठमोठ्या संस्थांच्या संगणकजाळ्यांवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर विकते. हल्लेखोरांनी किल्ली चोरलीच नाही. ते कारखान्यात शिरले आणि जेथे सॉफ्टवेअर तयार होऊन सहीसाठी रांगेत लागते, त्याच्या एक पाऊल आधी त्यांनी आपला माल मिसळला. पुढे कंपनीने इमानेइतबारे त्यावर सही केली. २०२० मध्ये सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट गेले, त्यात अमेरिकेची सरकारी खातीही होती. प्रत्येकाने सही तपासली असती तरी ती खरीच निघाली असती. उलगडा झाला तो फायरआय या सुरक्षा कंपनीत. तेथल्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर दुसरा फोन नोंदवलेला दिसला, आणि “हा तुमचाच का?” असे कोणीतरी सहज विचारले.

मार्च २०२४ मधले एक्सझेडचे प्रकरण तर याहून अस्वस्थ करणारे आहे. फाईल आकसून लहान करणारे हे एक साधे साधन. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत ते असते आणि ते सांभाळणारा स्वयंसेवक होता एकटा, थकलेला. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून मदतीला आले, दोन वर्षे चांगले काम केले, विश्वास मिळवला, सहीचा अधिकार मिळवला आणि मग त्याच अधिकाराने चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले आणि तो खोदत गेला, म्हणून जग वाचले. जिया टॅन कोण होता, एक की अनेक, हे आजतागायत उघड झालेले नाही. त्याच्या हातात सोन्याची किल्ली असती तरी काय फरक पडला असता? सहीने हात कोणाचा एवढेच कळते. मनातले कळत नाही.

किल्लीही काही देवाघरून आलेली नाही. २०१७ मध्ये इन्फिनिऑन या जर्मन कंपनीच्या चिपमधल्या दोषापायी एस्टोनियाच्या सुमारे साडेसात लाख नागरिकांची ओळखपत्रे अडचणीत आली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका दोषातून युबिकी या प्रसिद्ध पट्टीच्या जुन्या आवृत्त्यांतील गुप्त किल्ली काढता येते, असे फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले. त्याला पट्टी हाती लागावी लागते आणि महागडी उपकरणेही लागतात, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण या पट्ट्यांतले सॉफ्टवेअर मुद्दामच बदलता येणार नाही असे केलेले असते. म्हणजे दोष निघाला की दुरुस्ती नाही. पट्टी टाकायची आणि नवी घ्यायची.

पाहणारा कोठे आहे?

हे सगळे दोष मान्य करूनही मला सर्वांत मोठा वाटतो तो निराळाच. नोव्हेंबर २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत डॉकरने हार्डवेअर किल्लीने इमेजवर सही करण्याची सोय मोठ्या झोकात जाहीर केली. त्या योजनेचे नाव ‘कंटेंट ट्रस्ट’. दहा वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, आपल्या अधिकृत इमेजसाठी ही योजना गुंडाळत असल्याचे डॉकरने सांगितले. तेव्हा सांगितलेला आकडा असा : गोदामातून होणाऱ्या उचलीपैकी ०.०५ टक्क्यांहूनही कमी उचल या पडताळणीतून जात होती. दोन हजार पार्सलांत एका पार्सलाचीही मोहोर कोणी पाहत नव्हते! योजना किचकट होती, तिच्या मुळाशी असलेल्या प्रकल्पाची निगाही राहिली नव्हती, हे खरे. पण मूळ गोष्ट अशी की पडताळणी आपणहून चालू करावी लागे, आणि कोणी ती करत नसे.

आपण हसू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० मध्ये अमलात आला, आणि चार्टर्ड अकाउंटंट, कंपन्यांचे संचालक, निविदा भरणारे कंत्राटदार यांच्याकडे सहीचे यूएसबी टोकन येऊनही आता बरीच वर्षे झाली. तत्त्व पुतणीच्या पट्टीचेच. मध्यंतरी एका परिचिताबरोबर हिशेबाचे काम करणाऱ्या एका कचेरीत गेलो होतो. टेबलाच्या खणात रबरबँडने बांधलेली पंधरा-वीस टोकने होती, प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवरच पासवर्ड. परिचिताला यात काही वावगे वाटले नाही. “सारखं सारखं कोण येणार सही करायला?” कायद्याने त्याच्या हातच्या सहीइतकीच मोलाची असलेली गोष्ट त्याने कारकुनाच्या खणात ठेवली होती, आणि चेकबुक मात्र घरी कुलपात होते.

घेणाऱ्या टोकाचेही तेच. १ मे २०१८ पासून आपल्याकडे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सोय उत्तम आहे. तलाठ्याकडच्या खेपा वाचल्या. त्यावर पडताळणीची सोयही दिलेली असते. जमिनीच्या व्यवहारात बसलेल्या किती जणांनी ती वापरली, हे वाचकांनी स्वतःला विचारून पाहावे. छापील कागदावर हिरवी खूण दिसली की आपले समाधान होते, आणि खूण काय, झेरॉक्सवरही उमटते.

ज्याच्या भरवशावर शिक्का चालतो तो वरचा शिक्काही डळमळू शकतो. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव असे, तसे आजच्या प्रमाणपत्रांमागे सरकारमान्य संस्थांचे नाव असते. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र विभागाकडून गुगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गुगलने उघड केले. दिल्लीच्या नियंत्रकांनी ती तातडीने रद्द केली.

यावरचा जो उपाय मला सर्वांत पटतो तो फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाला कळेल. खरेदीखत झाले की त्याचा गोषवारा ‘इंडेक्स टू’मध्ये चढतो, आणि पुढचा घेणारा वकिलाकरवी शोध घेऊ शकतो. सिगस्टोअर हा प्रकल्प मार्च २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनने जाहीर केला, त्याचे मर्म हेच आहे. प्रत्येक सही एका सार्वजनिक वहीत चढते. तेथे खाडाखोड केली तर ती लपत नाही. माझ्या नावाने मी न केलेली सही निघाली तर मला ती दिसू शकते. बहुतेकांना तेथे कायमची किल्ली बाळगावीही लागत नाही. ईमेल खात्याची ओळख पटवून काही मिनिटांपुरती किल्ली मिळते आणि काम झाले की ती नाहीशी होते. ज्यांना स्वतःची हार्डवेअर पट्टीच वापरायची आहे त्यांनाही मज्जाव नाही. गंमत अशी की या किल्लीविना व्यवस्थेच्या तळाशी पुन्हा हार्डवेअर किल्ल्याच आहेत. जून २०२१ मध्ये पाच जणांनी आपापल्या पट्ट्यांनी मूळ दस्तावर सह्या केल्या आणि तो सोहळा कोणालाही पाहता यावा म्हणून थेट प्रसारित केला. पाचांपैकी तिघे एकत्र आल्याशिवाय मूळ दस्त बदलत नाही. देवस्थानाच्या दानपेटीला दोन-तीन विश्वस्तांची कुलपे लावतात, त्यातले शहाणपण काही जुने झालेले नाही.

काही जाणकार म्हणतात की आता प्रत्येकाने पट्टी बाळगण्याची गरज संपली. मला ते घाईचे वाटते. ईमेल खाते हीच ओळख ठरली, तर त्या खात्याच्या दारावर मजबूत कुलूप हवेच, आणि आजमितीला त्या दारासाठी पट्टीहून चांगले कुलूप माझ्या माहितीत नाही. सरकारेही जागी झाली आहेत. सोलरविंड्सनंतर मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी यासंबंधी आदेश काढला. आपल्या सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी देण्याविषयी मार्गदर्शिका आणली. फरसाणाच्या पुड्यामागे घटक छापतात तशी ही यादी. पण मार्गदर्शिका ही मार्गदर्शिकाच असते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, एक्सझेडचा गवगवा होऊन सव्वा वर्ष उलटल्यावरही, चोरदरवाजा असलेल्या काही जुन्या इमेज डॉकरच्या गोदामात तशाच पडून असल्याचे संशोधकांना आढळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला पुतणीला विचारले, पट्टी हरवली तर काय करशील? तिने आईच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवले. आतल्या खणात, मंगळसूत्राच्या डबीशेजारी, दुसरी पट्टी होती. भावजयीला ती कसली हे ठाऊक नव्हते, पण हलवायची नाही हे ठाऊक होते.

“आणि पलीकडे? तुझी सही तपासतं कोण?”

“सर्व्हरवर तपासणी बसवली आहे. सही नसलेली पेटी आली की नोंद होते.”

“नोंद होते? अडवत नाही?”

“अडवायचं चालू केलं तर जुन्या कितीतरी पेट्या अडकतील, काका. त्यांच्यावर सह्याच नाहीत. म्हणून सध्या फक्त नोंद.”

“कधीपासून सध्या?”

तिने बोटांवर मोजले. “चौदा महिने झाले. मार्चअखेरची गडबड आटोपली की चालू करू म्हणतायत,” असे म्हणून तिने चकलीचा डबा माझ्यापुढे सरकवला.